नगरची ॲना आणि लंडनचा राक्षस
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, ते आमची पोरं आम्हाला रोज घरी ऐकवतात. तुझा काहीतरी छंद आहे म्हणे, त्यावर बोल." मग मी छंद सांगितला आणि पलीकडे थोडा वेळ काही आवाजच येईना. मी जुन्या ब्रिटिश भयपटांवरची पुस्तकं जमवते. भयपट नव्हे, भयपटांवर लिहिलेली पुस्तकं. जमवते आणि एकमेकांशी ताडून बघते. शेवटी प्रश्न आला, "याचा राळेगणशी काय संबंध?" राळेगणशी नाही, पण आपल्या जिल्ह्याशी आहे, आणि चांगला जवळचा आहे. फक्त त्यासाठी आपल्याला लंडनमार्गे नगरला यावं लागेल. तेवढा धीर धरा.

आवडीची सुरुवात मात्र इथलीच. आमच्या बॅचला आठवत असेल, नारायण धारपांचं एक पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून बाकांखालून फिरायचं. कव्हरवर ठळक अक्षरांत 'भूमिती' लिहिलेलं. सर, आता तीस वर्षं होत आली, रागावू नका. मुलींच्या रांगेत ते शेवटी यायचं, तोवर शेवटची पानं सुटी झालेली असायची. रात्री लाईट गेली की त्यातलं जेवढं आठवेल तेवढं एकमेकींना सांगायचं आणि मग परसात जायला कुणी तयार व्हायचं नाही.

पुढे इंजिनिअरिंगला होते तेव्हा कळलं की धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीवरून आली आहे. वर्गातल्या एकाला ते कळल्यावर धारपांवरचा विश्वासच उडाला. माझं उलट झालं. मी दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून वाचायला बसले. अमेरिकेतलं लहान गाव मराठीत आणताना माणसाने काय ठेवलं, काय टाकलं, भीती नेमकी कुठे हलवली, हे बघण्यात मूळ गोष्टीपेक्षा जास्त मजा होती. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची खोड मला तिथे लागली ती आजतागायत. आमच्या धंद्यात याला 'डिफ' काढणं म्हणतात. प्रोग्रॅमची जुनी आणि नवी प्रत समोरासमोर ठेवली की कुठली ओळ बदलली ते लगेच दिसतं. पुस्तकांचंही तसंच असतं, फक्त ते आपल्यालाच डोळ्यांनी करावं लागतं.

कंपनीने ब्रिटनला पाठवलं तेव्हा शनिवार-रविवार जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचे. तिथे डेव्हिड पिरी यांचं 'अ हेरिटेज ऑफ हॉरर' हाती लागलं, १९७३चं. पिरींचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेला जसे काउबॉयचे सिनेमे, तसे ब्रिटनला भयपट. हाच एक प्रकार त्या देशाने खरा आपला म्हणावा. त्या काळी समीक्षक या सिनेमांना नाक मुरडायचे. १९५७ साली हॅमर नावाच्या छोट्या कंपनीने 'द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन' काढला, पुढच्या वर्षी 'ड्रॅक्युला'. थेम्स नदीकाठी ब्रे गावात एक जुनी कोठी होती, तोच त्यांचा स्टुडिओ. त्याच खोल्या, तेच जिने, रंग बदलून पुन्हा पुन्हा वापरायचे. पीटर कुशिंग, ख्रिस्तोफर ली, दिग्दर्शक टेरेन्स फिशर ही नावं तिथून मोठी झाली. आपण व्हिडिओवर बघितलेले रामसे बंधूंचे सिनेमे आठवा. ती हवेली, तो धूर, तो लाल-निळा उजेड बराचसा या हॅमरवाल्यांकडून आलेला आहे.

पिरीनंतर मग एकेक करत कपाट भरलं. डेनिस गिफर्ड यांचं जाडजूड चित्रमय पुस्तक, तेही १९७३चं. मार्कस हर्न आणि ॲलन बार्न्स यांचं 'द हॅमर स्टोरी' १९९७चं. जोनाथन रिग्बी यांचं 'इंग्लिश गॉथिक' २०००चं. रिग्बी स्वतः नट आहेत, त्यामुळे अभिनयाबद्दल ते लिहितात ते वाचावंच. वेन किन्झी यांनी ब्रे स्टुडिओच्या वर्षांचा हिशोब दिवसवार मांडलाय. मला विचाराल तर पिरी विचारासाठी, किन्झी खात्रीसाठी, आणि गिफर्ड फक्त पानं उलटायला. पिरींनी स्वतःचंच पुस्तक पस्तीस वर्षांनी, २००८ साली, नव्याने लिहून काढलं. त्या दोन आवृत्त्यांचा डिफ काढण्यात माझा एक पावसाळा गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

ताडून बघण्याचा फायदा काय, याचं एक उदाहरण देते. १९५८च्या 'ड्रॅक्युला'ला ब्रिटनच्या सेन्सॉरने कात्री लावली. जपानमध्ये मात्र जास्त भयंकर प्रत दाखवली गेली, असं चाहते वर्षानुवर्षं म्हणायचे. कुणी त्याला दंतकथा समजायचं, कुणी शपथेवर सांगायचं. अखेर २०११ साली टोकियोच्या सरकारी चित्रपट संग्रहालयात खरोखर रिळं मिळाली. आगीपाण्याने खराब झालेली, पण कापलेली दृश्यं त्यांत होती. तेव्हापासून 'असं म्हणतात' या शब्दांवरून मी पान उलटत नाही. पेन्सिलने खूण करून ठेवते.

आता मुंबईकडे येऊ. हॅमरने १९५९ साली 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' नावाचा सिनेमा काढला. ठगांवरचा. सगळी 'मुंबई' त्या ब्रे गावात उभी केलेली. ठगांच्या पुजाऱ्याचं काम करणारा नट सायप्रसचा. खरं तर ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन जबलपूरकडचा, मुंबईचा त्या गोष्टीशी संबंध बेताचाच, पण पोस्टरवर 'बॉम्बे' शोभून दिसतं. त्या सिनेमात एक पटेल आहे, कारस्थानी. ते काम करणारा मार्न मेटलंड हा नट जन्माने कलकत्त्याचा. हिंदुस्थानात जन्मलेला आणि ब्रिटनमध्ये जन्मभर काळ्या मनाची परदेशी माणसं रंगवत बसलेला. हे वाचलं आणि मला वाटलं, असे आणखी किती असतील? म्हणून एक्सेलमध्ये एक तक्ता सुरू केला. ब्रिटिश भयपटांतली माणसं आणि त्यांचं हिंदुस्थानशी नातं.

त्या तक्त्यात सगळ्यात मोठं नाव निघालं बॉरिस कार्लॉफ.

नाव ओळखीचं नसेल, पण चेहरा तुम्ही नक्की पाहिलाय. चौकोनी डोकं, कपाळावर व्रण, मानेला खिळे. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस म्हटलं की जगभरची पोरं आजही जो चेहरा काढतात, तो १९३१ सालच्या सिनेमातला कार्लॉफचा आहे. तो रंगवायला रोज चारेक तास लागायचे. सिनेमा अमेरिकेतला, पण दिग्दर्शक जेम्स व्हेल इंग्रज आणि कार्लॉफही इंग्रज. पुढे हॅमरने तीच गोष्ट काढली तेव्हा तो चेहरा वापरायला कायद्याची अडचण होती, म्हणून त्यांना दुसराच राक्षस बनवावा लागला. म्हातारपणी कार्लॉफने ब्रिटनमध्येही चांगले भयपट केले. १९६७चा 'द सॉर्सरर्स' मिळाला तर जरूर बघा.

या कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडनच्या कॅम्बरवेल भागात. नऊ भावंडांत शेंडेफळ. वडील मुंबई इलाख्यातल्या मीठ-कर खात्यात अधिकारी होते. भाऊ सरकारी नोकरीत, एक तर चीनमधल्या वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर. हा मात्र १९०९ साली कॅनडाला गेला आणि नाटक कंपनीत शिरला. घरच्यांची अब्रू जाऊ नये म्हणून नाव बदललं. 'कार्लॉफ' हे आईच्या माहेरचं जुनं रशियन नाव, असं तो सांगायचा. पुढे त्याच्या मुलीनेच सांगितलं की घराण्यात असं नाव कुठे सापडत नाही. १९३३ साली तो 'द घूल' या सिनेमासाठी लंडनला परतला, तेव्हा साहेबी थाटाचे हे भाऊ आपल्याला दारातही उभं करणार नाहीत अशी धास्ती त्याला होती. भाऊ आले ते फोटोत कोण कुठे उभं राहणार यावरून आपसांत हुज्जत घालत.

कार्लॉफवरची पाच पुस्तकं माझ्याकडे आहेत. पीटर अंडरवूड १९७२, गिफर्ड १९७३, सिंथिया लिंडसे १९७५, स्कॉट नोलन १९९९ आणि स्टीफन जेकब्ज २०११. ती ओळीने ठेवली की सिनेमांच्या याद्या साधारण सारख्याच निघतात. फरक आहे तो पहिल्या प्रकरणात, म्हणजे हा माणूस कुठल्या घरातला या प्रश्नात. आणि तो फरक समजायला सिनेमा सोडून भलत्याच कपाटाकडे जावं लागतं.

तुमच्यापैकी काहींनी 'द किंग अँड आय' पाहिला असेल, १९५६चा. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाच्या मुलांना शिकवायला एक इंग्रज मास्तरीण जाते, ती गोष्ट. ती बाई खरी होती. ॲना लिओनोवेन्स. १८६२ ते १८६७ ती राजा मोंगकुटच्या दरबारी होती आणि १८७० साली तिने त्यावर पुस्तक लिहिलं. स्वतःबद्दल तिने सांगितलं ते असं : जन्म १८३४, वेल्समधल्या कार्नार्वनचा. वडील कॅप्टन क्रॉफर्ड, लाहोरकडे लढाईत पडले. नवरा मेजर, वाघाच्या शिकारीनंतर उन्हाने गेला. मार्गारेट लँडन यांनी १९४४ साली तिच्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यात हीच हकिगत होती. नाटक, सिनेमा, गाणी, सगळं त्यावर उभं राहिलं.

मग आले डॉ. ब्रिस्टो. हे गृहस्थ कोळ्यांचे अभ्यासक. कोळी म्हणजे जाळी विणणारे, मुंबईचे नव्हेत. ॲनाच्या मुलाचं चरित्र लिहावं म्हणून ते तिच्या जन्माची नोंद शोधायला लागले, आणि ब्रिटनमध्ये ती मिळेचना. कोळ्यांच्या अभ्यासकाला चिकाटी असतेच. ते हिंदुस्थानच्या नोंदींकडे वळले. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, मृत्यूंच्या नोंदींच्या प्रती कंपनी सरकार लंडनला मागवून घ्यायचं, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९७६ साली ब्रिस्टो यांचं पुस्तक निघालं आणि कार्नार्वन कायमचं खोडलं गेलं.

ॲन एडवर्ड्सचा जन्म नोव्हेंबर १८३१चा. जन्मगाव अहमदनगर.

आपलं नगर. आता अहिल्यानगर. वाडेगव्हाण फाट्यावर येऊन एसटी धरली की आपण जिथे बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला जातो ते नगर. १८०३ साली वेलस्लीने किल्ला घेतला, मग छावणी पडली आणि गोऱ्या पलटणींतली बिऱ्हाडं आली. वडील थॉमस एडवर्ड्स कॅप्टन वगैरे कुणी नव्हते. सुतारकाम शिकलेला लंडनचा माणूस, सॅपर्स पलटणीत सार्जंट. मुलगी जन्मायच्या तीन महिने आधीच वारला. आईने दुसरं लग्न केलं, तोही पलटणीतलाच. ॲना पुण्याकडे वाढली. १८४९च्या नाताळात पुण्यातच तिचं लग्न झालं. नवरा मेजर नव्हे, कारकून. मेला तो पेनांगमध्ये, १८५९ साली, वाघाशी काही संबंध न येता. पदरात दोन लेकरं. सिंगापूरला उतरताना या बाईने जुनं आयुष्य पुसून टाकलं आणि नवं लिहिलं.

अण्णांच्या गावात मी ॲनाची गोष्ट सांगतेय, हे माझ्या लक्षात आलंय. हसून घ्या.

आता दोन कपाटं जोडू. ॲनाला एक मोठी बहीण होती, एलायझा. तिचं लग्न जेम्स मिलर्ड या सार्जंट-मेजरशी झालं. त्यांची मुलगी एलायझा सारा. तिचं लग्न १८६४ साली सुरतेत एडवर्ड प्रॅट यांच्याशी झालं. आणि त्यांचा धाकटा मुलगा विल्यम हेन्री, म्हणजेच बॉरिस कार्लॉफ. आपल्या भाषेत सरळ आहे. ॲना ही त्याच्या आईची मावशी. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची मावसआजी नगरची.

आता त्या पाच पुस्तकांच्या सालांकडे बघा. पहिली तीन १९७६च्या आधीची. त्यांत नगर असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मावसआजीने सगळ्या जगाला कार्नार्वन सांगून ठेवलं होतं आणि नातू आपलं रशियन नाव सांगत होता. दोन पिढ्यांनी दोन वेगवेगळ्या दिशांना वाट चुकवून ठेवलेली. जेकब्ज यांनी घराण्याचा माग नीट काढलाय, म्हणून कुणाला एकच पुस्तक घ्यायचं तर ते घ्या. ॲनासाठी सुझन मॉर्गन यांचं 'बॉम्बे ॲना', २००८चं, आणि आल्फ्रेड हॅबेगर यांचं 'मास्क्ड', २०१४चं. हॅबेगर जरा कडक आहेत, बाईच्या प्रत्येक थापेचा हिशोब मागतात. मॉर्गन तिची बाजू समजून घेतात. मला मॉर्गन जास्त पटल्या, पण तारखा मात्र मी हॅबेगरकडे बघून तपासते.

ती खोटं का बोलली? हे मी पुष्कळ दिवस तपासत होते. नुसती गरिबी लपवायची म्हणून नाही. तिच्या आईचे वडील विल्यम ग्लॅस्कॉट हे मुंबईच्या देशी पायदळात अधिकारी, १८१० साली हिंदुस्थानात आले. आईचा जन्म १८१५च्या सुमाराचा. पण आईच्या आईचं, म्हणजे ग्लॅस्कॉटच्या बायकोचं नाव कुठल्याही कागदावर नाही. पलटणीच्या घोड्यांचे हिशोब ठेवणारं सरकार ते. मॉर्गन म्हणतात, असं नाव गाळलं जाण्याचं एकच पटणारं कारण आहे, ती बाई युरोपियन नव्हती. बहुधा मिश्र रक्ताची, इथेच जन्मलेली असावी. तेव्हाच्या साहेबी जगात हे बाहेर पडलं असतं तर ॲनाला कुठल्या दरबारात कोण मास्तरीण म्हणून ठेवणार होतं? विधवा बाई, दोन लेकरं. तिने बहिणीशी, माहेराशी संबंध तोडले ते कायमचे. कॅनडात, माँट्रिअलला १९१५ साली वारली, तोवर एकदाही नगरचं नाव घेतलं नाही.

आणि कार्लॉफ? त्याचा सावळा रंग हॉलिवूडला सोयीचा पडला. मूकपटांच्या काळात त्याला अरब, हिंदुस्थानी, महाराजा अशीच कामं दिली जायची. आपल्या घरातलं हिंदुस्थानी नातं त्याने लोकांसमोर कधी बोलून दाखवलं नाही. हिंदुस्थानी माणसाचं सोंग करत होता आणि हिंदुस्थानी नातं लपवत होता. त्याचे ते जुने फोटो मी आता बघते तेव्हा राक्षसाच्या चेहऱ्यापेक्षा त्या महाराजाच्या वेशातल्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत बसते.

मला परदेशात कुणी "कुठली?" म्हणून विचारलं तर 'राळेगण' म्हटल्यावर निम्मे मराठी लोक लगेच "अण्णांचं गाव!" म्हणतात. गाव सांगायला आपल्याला कधी जड गेलं नाही. पण पुण्यात नोकरीला लागलेली आपल्या तालुक्यातली किती मंडळी नुसतं 'पुण्याजवळ' म्हणून विषय संपवतात, ते तुम्हालाही माहीत आहे. कारणं असतात. ॲनाला तर फारच मोठी होती.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मागे एका ठिकाणी हे सांगितल्यावर एका काकांनी उठून टाळ्या वाजवत जाहीर केलं की फ्रँकेनस्टाइन मराठी होता. तसं काही नाही. ती आजी मराठी होती याला पुरावा नाही, आणि नसताना म्हणायचं नाही. माझ्या तक्त्यात तिच्या नावाचा रकाना आहे. पुस्तकांच्या नावांपुढे तो ओळीने रिकामा आहे. तो मी पुसलेला नाही आणि कशाने भरलेलाही नाही.

नगरचं अजून एक नाव त्याच तक्त्यात आहे, तेवढं सांगते. स्पाइक मिलिगन, ब्रिटनचा फार मोठा विनोदी लेखक आणि नट. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. वडील तोफखान्यात. त्याने १९९७ साली 'फ्रँकेनस्टाइन'चं विडंबन लिहिलं. वात्रट आहे, सगळ्यांना आवडेल असं नाही. पण नगरचा एक जन्म राक्षसाच्या घराण्यात जातो आणि दुसरा त्या राक्षसाची टिंगल करतो, हे कळलं त्या दिवशी ऑफिसात माझं कामात लक्ष लागलं नव्हतं. मिलिगनने जन्मगाव कधी लपवलं नाही. गोऱ्या पलटणीतल्या बापाचा मुलगा तो, त्याला लपवायचं काय होतं?

वेळ संपल्याची चिठ्ठी दोनदा आली आहे. बाहेर चहाच्या शेजारी टेबलावर पुस्तकं मांडून ठेवली आहेत. पिरी, रिग्बी, जेकब्ज, मॉर्गन आणि मिलिगन. हाताळा, पण भजी खाऊन झाल्यावर हात पुसून. 'बॉम्बे ॲना'ची एक जास्तीची प्रत शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे, ती मुख्याध्यापकांकडे देते. इंग्रजी जड वाटलं तर मुलांनी सुरुवातीची प्रकरणं तेवढी वाचावीत, नगर-पुण्याचा भाग त्यांतच आहे.

आणि माझी एक मागणी. त्या 'भूमिती'च्या कव्हरमधलं धारपांचं पुस्तक आपल्यापैकीच कुणाच्या तरी माळ्यावर असणार. शेवटची पानं नसली तरी चालेल. ज्याच्याकडे असेल त्याने जेवणाच्या आधी मला गाठावं. टेबलावरचं गिफर्ड मी बदल्यात द्यायला तयार आहे.